सासूबाईंना घेऊन राजाच्या टेकडीवर

निखिलची सुट्टी रद्द झाल्याचं कळलं तेव्हा सासूबाईंची बॅग भरून हॉलमध्ये उभी होती. हँडलला लाल रिबीनसुद्धा बांधून झाली होती.

"तुम्ही दोघी जा जपानला," निखिल म्हणाला. त्याच्या वॉर्डातल्या दोन नर्स एकदम आजारी पडल्या होत्या आणि रोस्टरवर दुसरं कुणी नव्हतं. "तिकिटं आहेत, व्हिसा आहे. माझ्यासाठी कशाला थांबताय?"

आई, म्हणजे सासूबाई, रताळ्याचा कीस परतत होत्या, मी डिशवॉशर रिकामा करत होते. खरं सांगायचं तर आम्ही दोघी तोवर कधी सलग तासभरसुद्धा एकट्या बसलो नव्हतो. निखिलचं आणि माझं लग्न ब्रिस्बेनला रजिस्टर पद्धतीने झालं. तेव्हा आईंना व्हिसा मिळाला नव्हता. नंतरची सगळी ओळख व्हिडिओ कॉलवरची, आणि त्यातही मध्ये कायम निखिल. आता त्या पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात, आमच्या टूवूंबाला आल्या होत्या. आमच्या गावात गाडी नसेल तर माणूस घरातच अडकतो. मी सकाळी साइटवर, निखिल शिफ्टला, आणि आई खिडकीशी. त्यांनी तक्रार कधी केली नाही. फक्त परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणता येईल का, असं दोनदा विचारून झालं होतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "बॅग भरलीच आहे. जाऊ."

आता, जपान म्हणजे टोकियो, बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं सोडून आम्ही थडगी बघायला का निघालो, ते सांगते. टूवूंबाला युनिव्हर्सिटीला लागून एक सुंदर जपानी बाग आहे. तिथे माझी मिचिको-सानशी (सान म्हणजे आपलं 'जी') ओळख झाली. त्या मूळच्या ओसाकाजवळच्या ताकात्सुकीच्या. टूवूंबा आणि ताकात्सुकी ही एकमेकांची सिस्टर सिटी, म्हणजे बहीण-शहरं. मी काय काम करते असं त्यांनी विचारलं. मी सॉइल टेस्टिंग करते. रस्त्याचा भराव घालताना मातीचा प्रत्येक थर नीट दाबला गेलाय की नाही, पाणी कुठे मुरतंय, उतार टिकेल का, हे बघायचं. "मग तुम्ही आमचा कोफुन बघायलाच हवा," मिचिको-सान म्हणाल्या.

कोफुन म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या शतकातल्या राजांची आणि सरदारांची मातीची थडगी. नुसते ढिगारे नव्हेत. मोजून-मापून रचलेले थर, वर दगडगोट्यांचं आवरण, भोवती पाण्याचा खंदक. मोठ्या कोफुनांचा आकार वरून बघितला तर जुन्या कुलपाच्या भोकासारखा दिसतो: एक टोक गोल, दुसरं पसरट. आणि त्यांच्यावर भाजलेल्या मातीच्या आकृत्या उभ्या करायचे, त्यांना म्हणतात हानिवा. घोडे, घरं, कोंबडे, योद्धे. हे मी जेवताना सांगत होते, तेव्हा आतापर्यंत ताटात बघत बसलेल्या आईंनी मान वर केली होती. "मातीचे घोडे?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. आई माहेरच्या पेणच्या. वडिलांचा गणपतीचा कारखाना. लग्नाआधी गणपतीचे डोळे आखायचं काम त्यांच्याकडे असायचं. मग लग्न होऊन ठाण्याला आल्या आणि माती सुटली.

जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना: सोबत इथे ऑस्ट्रेलियात टुरिस्ट व्हिसावर आलेले आई-वडील असतील, तर त्यांचा जपानचा व्हिसा भारतातूनच काढून ठेवा आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते बघा. आईंनी मुंबईहून निघतानाच ते करून घेतलं होतं. टूवूंबाहून ब्रिस्बेन एअरपोर्टपर्यंत गाडीने, तिथून केर्न्स, आणि केर्न्सहून ओसाका. घाट उतरताना आई एकदाच बोलल्या. "हळू चालव." ऐंशीच्या लिमिटला मी सत्तरने चालले होते.

ओसाका आणि रताळं

माझी खरी धास्ती जेवणाची होती. आई शाकाहारी, त्यात नवरात्र सुरू झालेलं आणि त्यांचे नऊ दिवसांचे उपास. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशांचा अर्क असतो. मी राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चटणी आणि खजूर असं अर्धी बॅग भरून घेतलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलजवळच्या सुपरमार्केटात शिरलो आणि आई दारातच थबकल्या. तिथे एक काचेचं कपाट होतं, खाली गरम दगड, आणि त्यावर ओळीने भाजलेली रताळी. जांभळ्या सालीची, फुटलेल्या टोकातून मधासारखा पाक ठिबकत असलेली.

"अगं, रताळं!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की कॅशियर हसली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसून दोन संपवली. आत पिवळंधमक, बर्फीसारखं. आईंनी सालीला चिकटलेलंसुद्धा खरवडून खाल्लं. "हे आपल्याकडे का मिळत नाही गं?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की घर सोडल्यापासूनचा हा त्यांनी स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न. पुढचे सगळे दिवस रताळी, केळी आणि दही यांवर निघाले. उपासाला इतका सोपा परदेश मी पाहिला नाही. साध्या दुकानांतही ही रताळी मिळतात, दोन-तीनशे येनमध्ये एक भलं मोठं.

साकाई: राजा घरी आहे, पण भेटत नाही

दुसऱ्या दिवशी साकाईला गेलो. ओसाकाहून लोकल ट्रेनने जेमतेम अर्धा तास. इथे जपानमधला सगळ्यात मोठा कोफुन आहे, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. मी महिनाभर त्याचे हवाई फोटो बघत होते. स्टेशनवरून चालत निघालो, बागेतून गेलो, खंदकापाशी पोचलो, आणि समोर दिसली झाडी.

बस, झाडी. हिरवं पाणी, पलीकडे दाट जंगल, मध्ये एक लाकडी कमान आणि कुंपण. आत कुणालाही सोडत नाहीत. हे राजघराण्याच्या पूर्वजांचं स्थान, तिथे उत्खनन जवळपास होतच नाही. काही लोक कमानीसमोर वाकून नमस्कार करत होते.

आईंनी चप्पल काढून नमस्कार केला. मग मला हळूच म्हणाल्या, "आणि टेकडी कुठंय?"

"हीच टेकडी."

"आणि घोडे?"

मी त्यांना घेऊन महापालिकेच्या उंच इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर गेले. तिथून फुकट सगळं शहर दिसतं. पण खरं सांगते, तिथूनही कुलपाचं भोक काही दिसत नाही. इतक्या उंचीवरून ती घरांच्या समुद्रात झाडांची एक लांबट गादी वाटते. आई शांतपणे चहूकडे बघून आल्या. "छान आहे," म्हणाल्या. मला तो 'छान' चांगलाच ओळखीचा होता. टूवूंबात आमचं घर पहिल्यांदा बघताना त्या हेच म्हणाल्या होत्या.

रात्री निखिलचा फोन आला. "कशा आहात?"

"छान," मीही म्हणाले.

ताकात्सुकी: उघडं राहिलेलं दार

ताकात्सुकी ओसाकाहून जलद ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्टेशनच्या उत्तर बाजूने बस मिळते, ती थेट इमाशिरोझुका कोफुनापाशी सोडते. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने पैसे देऊन उतरायचं. सुटी नाणी जवळ ठेवा.

उतरलो आणि मी ओरडलेच. समोर हिरवळ होती. खंदकाचा काही भाग कोरडा, त्यात माणसं कुत्री फिरवत होती. एक आजोबा मोठ्याने रेडिओ ऐकत टेकडी चढत होते. हो, राजाच्या टेकडीवर!

त्यामागची गोष्ट गमतीची आहे. सहाव्या शतकातल्या एका सम्राटाचं थडगं म्हणून सरकारदरबारी शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच कोफुनाची नोंद झाली. तिथे कुंपण लागलं. पण अभ्यासकांना आता वाटतं की तो सम्राट खरं तर इथे, इमाशिरोझुकात असावा. नोंद दुसरीकडे असल्यामुळे इथे खणायला परवानगी मिळाली, वर्षानुवर्षं उत्खनन झालं, आणि नंतर लोकांसाठी बाग झाली.

हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या फसकन हसल्या. "म्हणजे पत्ता चुकला, म्हणून दार उघडं राहिलं."

शेजारीच संग्रहालय आहे, तेही फुकट. तिथे मला वेड लागायचं बाकी राहिलं. उत्खननात काय काय निघालं बघा. टेकडीच्या पोटात दगड रचून केलेल्या नाल्या, पावसाचं पाणी बाहेर काढायला. आम्ही आज भरावात पाइप घालतो, त्याच कामासाठी! आतली शव ठेवायची दगडी खोली पेलायला खाली घातलेला दगडांचा पाया. दगडी शवपेट्यांचे तुकडे, तेही तीन वेगवेगळ्या जातीच्या दगडांचे. त्यातला गुलाबी दगड दूर दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरून आलेला, समुद्रातून. असाच एक तुकडा म्हणे गावात ओढ्यावर पूल म्हणून टाकलेला होता आणि लोक कितीतरी वर्षं त्यावरून ये-जा करत होते.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. टेकडीचा आकार बिघडलेला आहे. आधी वाटायचं, मध्ययुगात कुणी तिचा किल्ला केला म्हणून बिघडला. खणून पाहिल्यावर कळलं की मातीचे थर घसरलेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोठा भूकंप झाला आणि टेकडीच्या कडा सरकून खंदकात आल्या. मी त्या थरांच्या चित्रासमोर नाक लावून उभी राहिले. तुटलेली रेघ, खाली सरकलेली रेघ. आमच्या घाटात पावसाळ्यानंतर असाच उतार सरकला होता आणि मी आठवडाभर तेच मोजत होते.

"आई, हे बघा, इथून घसरलंय!" मी मागे वळले.

आई नव्हत्या.

पहिल्या मिनिटाला वाटलं, बाथरूमला गेल्या असतील. नव्हत्या. शवपेट्यांपाशी नव्हत्या, पुस्तकांच्या दुकानात नव्हत्या. त्यांच्या फोनमध्ये जपानचं सिम नव्हतं. भाषा येत नव्हती. उपासाचं पोट. मी काउंटरवरच्या मुलीला हातवारे करून सांगितलं: साडी, चष्मा, एवढी उंची. तिने बाहेर बोट दाखवलं.

मी धावतच बाहेर आले. खंदकाच्या पलीकडच्या बांधावर खऱ्या आकाराच्या हानिवांच्या प्रतिकृती मांडल्यात, उत्खननात ज्या जागी सापडल्या तशाच. माणसाहून उंच घरं, तलवारी लावलेले योद्धे, दोन्ही हात वर केलेल्या पुजारणी, पोट सुटलेले सुमो पहिलवान, एका ओळीत पाणपक्षी, कोंबडे, बैल, खोगीर घातलेले घोडे. आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीची चित्रं मांडायचो ना, अगदी तस्संच, फक्त इथे किल्ला खरा आणि चित्रं आपल्याएवढी.

आणि त्या सगळ्यांच्या मधोमध बालवाडीची पिवळ्या टोप्या घातलेली वीसेक पोरं, हातात हात धरून गोल फिरत होती. त्यांच्यात आमच्या आई. फेर घोड्याभोवती होता.

त्या भोंडला घेत होत्या!

आपल्याकडे पाटावर हत्ती काढतात, इथे मधोमध मातीचा घोडा. आई गळा मोकळा सोडून म्हणत होत्या, पोरांना एक शब्द कळत नव्हता, पण ओळ संपली की सगळी मिळून शेवटचं अक्षर ओढत होती. पोरांच्या दोन्ही शिक्षिका टाळ्या वाजवत होत्या. आईंना मी दिसले.

"सायली! नुसती काय बघतेस? ये की!"

मी रडणार होते की ओरडणार होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पर्स खाली टाकली आणि एका पिवळ्या टोपीचा हात धरला.

नंतर घोड्याशेजारी गवतावर बसून आम्ही रताळं खाल्लं. "आई, सांगून तरी जायचं. माझा जीव गेला होता."

"तू त्या घसरलेल्या मातीत इतकी गुंतली होतीस," त्या म्हणाल्या, "तुला असं खूश मी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, हाक मारायला नको." मग त्यांनी घोड्याच्या तोंडाकडे बघितलं. "याचे डोळे बघ. आखलेले नाहीत, भोकं आहेत नुसती. आणि तरी बघतोय."

तिथून टेकडीवर चढलो. वाट झाडीतून जाते, चढ सोपा आहे, पण पानांवरून पाय घसरतो, तेव्हा चांगले बूट घाला. वरती काही नाही. वारा, झाडं, पलीकडे डोंगर. आईंनी एकदा पाय आपटून बघितला. "पक्की आहे," म्हणाल्या.

क्योतो राहिलं

पुढच्या दिवशी क्योतोचं बुकिंग होतं. सकाळी आई केस विंचरता विंचरता म्हणाल्या, "क्योतो राहू दे का? ताकात्सुकीत मातीकाम शिकवतात असं काल त्या काउंटरवरच्या मुलीने फोनवर भाषांतर करून दाखवलं ना?"

ताकात्सुकीतच, कोफुनापासून थोड्या अंतरावर, हानिवा भाजायच्या जुन्या भट्ट्या सापडल्या आहेत. उतारावर खणलेल्या लांबलचक भट्ट्या आणि कारागिरांच्या झोपड्यांच्या जागा. तिथे आता बाग आहे, नव्याने उभारलेल्या झोपड्या आहेत. आम्हाला नशिबाने स्थानिक स्वयंसेवकांचा एक वर्ग मिळाला. शिकवणारे मोरी-सान, निवृत्त शाळामास्तर, बुटके आणि सतत हसरे. संवाद फोनच्या भाषांतरावर.

आईंनी पदर खोचला, मातीचा गोळा उचलला, दाबला, वास घेतला. मला वाटलं, आता बघा मोरी-सान कसे थक्क होतात.

तर झालं उलटंच. हानिवा साच्यात करत नाहीत. मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक रचायच्या, आतून-बाहेरून हात फिरवून पोकळ नळा उभा करायचा. आईंचा हात साच्याचा आणि रंगाच्या कुंचल्याचा. त्यांचा नळा वीतभर उंच झाला आणि बसला. परत केला, परत बसला. तिसऱ्यांदा एका बाजूला कलून पडला तेव्हा त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"विसरले सगळं," हळू आवाजात म्हणाल्या. "चाळीस वर्षांनी काय येणारे."

मोरी-सान फोनमध्ये काहीतरी बोलले. फोन मराठीत म्हणाला, "माती अजून रागावली आहे. थांबा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू आवरेना. पण मला त्यांचं म्हणणं कळलं होतं. "आई, खालचा थर ओला आहे. त्याच्यावर लगेच वजन घातलं की तो बसणारच. आम्ही भरावातही थांबतो. थोडं सुकू दे, मग पुढचा."

"मग तूच कर ना खालचं."

मग मी खालचा भाग रचला. तीन वळ्या, थांबा. परत तीन वळ्या, थांबा. मधल्या वेळात आई पेणबद्दल बोलत होत्या. गणेशोत्सवाआधीची घाई, वडिलांची बिडी, धाकट्या बहिणीने एकदा उंदराला मिशा काढल्या होत्या ती गंमत. हे मी निखिलकडूनही कधी ऐकलं नव्हतं. मीही त्यांना आमच्या लग्नाचा दिवस सांगितला. रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर पाऊस, ओठांवर चॉकलेट लागलेला निखिल. "फोटोत दिसलं होतं मला ते," आई म्हणाल्या. "म्हटलं, ही तरी पुसेल."

"माझं लक्षच नव्हतं!"

"तेच मला आवडलं होतं."

नळा उभा राहिला. मग आईंनी वर डोकं बसवलं, नाक चिमटीत काढलं, आणि बांबूच्या काडीने डोळे कापले. दोन भोकं. मोरी-सान वाकून बघत राहिले, मग त्यांनी दोन्ही हात जोडले, आपल्यासारखेच.

वाळून भाजायला महिना तरी लागणार होता, त्यामुळे ती बाहुली आम्हाला आणता आली नाही. तुम्ही गेलात तर हे आधीच लक्षात घ्या. "असू दे," आई म्हणाल्या, "विसर्जन केलं समजायचं." आणि खरंच मागे वळूनही न बघता बसस्टॉपकडे निघाल्या. मीच दोनदा वळून बघितलं.

परत टूवूंबा

ब्रिस्बेनला उतरलो तेव्हा निखिल न्यायला आला होता. घाट चढेपर्यंत आम्ही दोघी इतक्या बोलत होतो की तो शेवटी म्हणाला, "मी पण गाडीत आहे हं!"

आईंनी परतीचं तिकीट बदललं नाही. लवकरचंही केलं नाही, उशिराचंही नाही. ठरल्या दिवशीच गेल्या. ठाण्याला त्यांचं घर आहे, मैत्रिणी आहेत, आणि त्यांना तिथेच राहायचं आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा आनंदही झाला.

जायच्या आधीच्या रविवारी मात्र त्या म्हणाल्या, "तुझं काम दाखव." मी त्यांना गावाबाहेर नेलं, आमच्या नव्या रस्त्याच्या भरावापाशी. साइट बंद होती, म्हणून कुंपणाबाहेरूनच. लाल मातीचा लांबलचक बांध, त्यावर रोलरच्या चाकांच्या खुणा, वर कडक निळं आकाश.

"हे सगळं तू तपासतेस?"

"प्रत्येक थर."

"आणि टिकेल किती?"

"डिझाइन शंभर वर्षांचं आहे."

आईंनी ओठ मुडपले. "शंभरच?" त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या जपान्यांनी दीड हजार काढली."

मग त्यांनी तारेतून हात घालून बांधाची चिमूटभर माती घेतली, दोन बोटांत चोळली, वास घेतला, आणि पसंतीची मान हलवली. या कामाला मिळालेलं माझं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट तेच.